बाबा कितव्या वर्तुळात

३ जानेवारी

आत्या,

नमस्कार मागाहून, आधी काम. दार लावून घे, आणि हे पत्र वाचून झालं की कुठेतरी लपव. ज्यांच्यापासून लपवायचं ते बहुतेक आत्ता तुझ्यासमोरच बसून पेपराच्या घड्या घालत असतील.

मला मोठं काम मिळालंय. सातशे वर्षांपूर्वीचं एक इटालियन काव्य आहे. एक कवी रानात वाट चुकतो. तिथे त्याला दुसरा एक कवी भेटतो, कधीच मेलेला, आणि तो याला नरकातून खाली खाली नेतो, मग एका डोंगरावर चढवतो, आणि पुढे स्वर्ग. त्याचं नवं भाषांतर निघतंय, आणि त्यातली तीस चित्रं मी काढायची आहेत. वीस नरकाची, बाकी डोंगर आणि स्वर्ग. पुस्तक उशीएवढं जाड आहे. पण संपादकांनी चित्रकारासाठी म्हणून वीस पानांचा सारांश करून दिलाय, त्यावर माझं छान भागतंय.

आता गंमत ऐक. त्या कवीने नरकात कोण घातलेत माहितेय? स्वतःच्या गावातले लोक. ओळखीचे, नावानिशी. संपादक म्हणाले, मग आपणही आजची माणसं घालू, कोट घातलेली, चष्मा लावलेली, हातात पिशव्या धरलेली. म्हणजे मला चेहरे हवेत. तू तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या शहराची बोलणी जोडलीस, आणि जोडता जोडता ऐकलीस. तुझ्याइतकी पापी माणसांची यादी कुणाकडे असणार?

आणि एक मागणी आहे, ती नीट वाच. मला बाबा हवेत. चेहरा नको, पाठ. चालताना खांदे कसे असतात, मान कुठे झुकते, कोटाला मागे कुठे चुण्या पडतात. तीन वर्षांत मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि आठवणीवर माझा भरवसा उरलेला नाही. विचारायची सोय नाही हे तुला माहीतच आहे. मी एक वाक्य बोलले आणि त्यांनी अबोला धरला. ते वाक्य मी परत घेतलेलं नाही आणि त्यांनी अबोला सोडलेला नाही. बाप तसा, लेक तशी, असं तूच म्हणाली होतीस.

तेव्हा त्यांना कळता कामा नये की ते या पुस्तकात आहेत.

तुझी,
भिंगरी


११ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की चहा उतू गेला. तुझ्या बापाने, बंड्याने, विचारलं, कुणाचं पत्र. मी म्हटलं, विमा कंपनीचं. हसत हसत विमा कंपनीचं पत्र वाचणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. तुझी पत्रं मी शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवते. त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.

आता यादी. पहिली, वरच्या मजल्यावरची गायिका. पहाटे पाचला सुरू होते आणि एकाच सुरावर साडेपाचपर्यंत उभी असते. तुझ्या त्या सारांशात सोसाट्याच्या वाऱ्याचं वर्तुळ आहे का, तर तिथे टाक, आवाज तरी उडून जाईल. दुसरा, कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर. अजिबात दुखणार नाही, असं म्हणाला होता. मी अजून डाव्या बाजूने चावत नाही. खोटं बोलणाऱ्यांची जी सगळ्यात खोल जागा असेल ती त्याला दे. तिसरी मी. तीस वर्षं चोरून ऐकलं, नाकारत नाही. चोरून ऐकणाऱ्यांना कुठे ठेवतात ते बघून कळव, म्हणजे मनाची तयारी करता येईल.

आता तुझ्या बापाची पाठ. मी चक्क त्याचा पाठलाग केला, आहेस कुठे? सकाळी तो फिरायला निघाला तशी मीही पिशवी घेऊन वीस पावलांवर निघाले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असतो. चाळीस वर्षं छापयंत्राचा दांडा ओढून तसा झालाय. मान पुढे, जणू खाली काहीतरी बारीक छापलेलं आहे आणि तो ते तपासतोय. कोट तोच, राखाडी, आणि पाठीवर मधोमध एक आडवी चुणी, खुर्चीत तासन्‌तास बसून पडलेली. पूर्वी ती नव्हती. छापखाना बंद केल्यापासून बसून असतो ना. खालच्या खोलीला कुलूप घातलंय ते घातलंय. यंत्रावर चादर, रोलरवर चादर, तुझ्या स्टुलावरसुद्धा चादर.

तू सांगितलं नाहीस, पण मी ओळखलं त्याला कुठे घालतेयस ते. रागीट लोकांचं चिखलाचं वर्तुळ असणार, हो ना? मी तुला अडवणार नाही. तीन वर्षं पोटच्या पोरीशी न बोलणारा माणूस चिखलातच शोभतो. फक्त चिखल गळ्यापर्यंत पुरे, नाकापर्यंत नको. त्याला दमा आहे.

आत्या


२९ जानेवारी

आत्या,

तुझ्या पाठलागाला सलाम. उजव्या खांद्याने माझं चित्र उभं राहिलं. चुणीनेही, पण ती काढताना माझा हात जरा थांबला होता.

गायिका दुसऱ्या वर्तुळात गेली, वाऱ्याच्याच. डॉक्टर आठव्यात, फसवणाऱ्यांच्या चरात. दोघांच्या चित्रांचे कागदावर काढलेले छाप सोबत आहेत. तुझी मात्र निराशा करते. सारांशात चोरून ऐकणाऱ्यांचा पत्ताच नाही. संपादकांना मी खुशामत करणाऱ्यांत घातलं, न सांगता. त्यांनी स्वतःला ओळखलं, आणि त्या चित्राची इतकी स्तुती केली, इतकी केली, की जागा बरोबर निवडली याबद्दल मला शंका उरली नाही.

काम कसं चाललंय विचारशील तर, मी सरळ तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढते. आधी कागदावर चित्र, मग पातळ कागदावर उतरवा, मग तो कागद पालथा घालून पत्र्यावर गिरवा, हे बाबांचं सगळं सोवळं मी बंद केलं. भांडण त्यावरूनच झालं होतं, तुला आठवत असेल. माझी सगळी चित्रं पालथी घालून गिरवायचं काम ते स्वतः करायचे. मला त्या कागदाला हातही लावू द्यायचे नाहीत. आणि एक दिवस मी म्हणाले, तुमच्या हाताखाली माझी रेषा मरते. आत्या, रेषेबद्दल ते खरं होतं. पण हाताबद्दल बोलायला नको होतं. हे मी तुला सांगतेय, त्यांना नाही.

आता रेषा जिवंत आहे. छाप काढला की चित्र आरशातल्यासारखं फिरून येतं, डावीकडचं उजवीकडे, पण चित्रात एकही अक्षर नाही, त्यामुळे कुणाचं काय बिघडतंय? अठरा पत्रे झाले. एकतीस मार्चला नरकाचा भाग छापायला जाईल, डोंगर आणि स्वर्ग त्यानंतर.

अजून एक गोष्ट हवीय. मी लहान असताना रस्ता ओलांडताना बाबा पुढे चालायचे आणि मागे न बघता एक हात पाठीमागे धरायचे, माझ्यासाठी. डावा. रोलरमध्ये सापडून टोक गेलेलं ते बोट त्याच हाताचं, आणि मी तेच धरायचे, कारण ते माझ्या मुठीत बरोबर बसायचं. तो हात पाठीमागे असताना तळवा वर असायचा की आत वळलेला? कसं पाहशील ते तूच ठरव. त्यांना चिखल किती, ते माझ्यावर सोड.

भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरे,

तळवा वर. कसं पाहिलं ते ऐक. बाजारातून येताना मोठ्या रस्त्यावर मी मुद्दाम मागे राहिले आणि म्हटलं, बंड्या, मला गाड्यांची भीती वाटते. सत्तरीच्या घरातला माणूस, पण मागे वळलासुद्धा नाही. हात आपोआप मागे आला. तळवा वर, बोटं जराशी मिटलेली. मी धरला. पलीकडे गेल्यावर म्हणाला, तुला कधीपासून भीती वाटायला लागली? मी म्हटलं, वय झालं.

इकडे दोन गोष्टी घडल्यात. पहिली हसण्याची. गायिकेला कळलं. मी सांगितलं नाही, फक्त जिन्यात तिच्यासमोर छाप हातातून पडला. मला वाटलं आता आकांडतांडव होणार. तर बाई छाप उजेडात धरून म्हणते, केस सुंदर उडालेत, पण गळा जरा लांब दाखवता आला असता. दुसऱ्या दिवशी दाताचा डॉक्टर दारात. ती दुसऱ्या वर्तुळात आणि मी आठव्यात का, म्हणाला. मी सांगितलं, अहो, जितकं आत जावं तितका मान मोठा. तेव्हापासून खूश आहे. स्वतःचे दोन फोटो देऊन गेलाय, एक समोरून आणि एक बाजूने. आणि त्याच्या शेजारचा चष्मेवाला हल्ली माझ्याशी नीट बोलत नाही, कारण त्याला कुठेच घेतलं नाही.

दुसरी गोष्ट काळजीची. तुझ्या बापाचं काहीतरी बिनसलंय. दिवसभर एक जाडजूड पुस्तक घेऊन बसतो. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, मी जवळ गेले की मिटतो. आणि जेवताना भलतंच काहीतरी विचारतो. परवा ताटावर थांबून म्हणाला, मी अधाशासारखं खातो का? मी म्हटलं, छे, चिमणीसारखं खातोस. काल विचारलं, मी कधी कुणाला द्यायला हात आखडला का? मी म्हटलं, नाही रे. मग म्हणाला, मग उधळपट्टी? तीही नाही म्हटल्यावर उलट चेहरा पडला. आज सकाळी चहा तसाच ठेवला, आणि मग आत जाऊन मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाला, मी काही एवढा रागीट नाही. आणि दार आपटलं.

डॉक्टरला दाखवू का? दाताच्या नव्हे, खऱ्या. हां, आणि शिवणयंत्राला कुणीतरी तेल घातलंय. ड्रॉवर आता किल्लीशिवायही लोण्यासारखा उघडतो. बंड्याला माझी इतकी काळजी कधीपासून वाटायला लागली कोण जाणे.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र ड्रॉवरमध्ये ठेवायचं नाही. पर्समध्ये ठेव, उशाखाली ठेव, गिळून टाक.

खादाड तिसऱ्या वर्तुळात. कंजूष आणि उधळे, दोघं एकत्र, चौथ्यात. रागीट पाचव्यात. आत्या, बाबा नरकात उतरतायत. एकेक वर्तुळ. तीस वर्षं शहराचे फोन ऐकलेस आणि तुझ्या स्वतःच्या ड्रॉवरची चोरी तुला ऐकू आली नाही? त्यांनी माझी पत्रं वाचली, बाबा हवेत हे वाचलं, आणि आता ग्रंथालयातून ते उशीएवढं पुस्तक आणून मी त्यांना कुठे टाकलंय ते शोधतायत. मी स्वतः ते पुस्तक अजून अख्खं वाचलेलं नाही. मला हसू आवरेना, आणि मग एकदम थांबलं.

कारण ते चिखलात नाहीत. तुझी खोडी मला आवडली म्हणून मी तुला खरं सांगितलं नाही, माफ कर. ते नरकातल्या कुणातच नाहीत. कवीच्या पुढे चालणारा जो वाटाड्या आहे ना, तो जुना मेलेला कवी, ते बाबा आहेत. चेहरा कुठेच दिसत नाही. सगळीकडे पाठ, राखाडी कोट, खाली झुकलेला उजवा खांदा, आणि मागे धरलेला हात. सोबत एक छाप पाठवतेय. त्यात दोघं एका कड्यावरून खाली उतरतायत आणि मागच्याने पुढच्याचं तोकडं बोट धरलंय.

माफी कशी मागायची ते मला येत नाही. मला एवढंच येतं. पण ते त्यांनी शोधून काढू नये, मी स्वतः विचारावं, पुस्तक निघायच्या आधी, तुम्ही चालाल का माझ्या चित्रात, असं मला वाटत होतं. त्यांनी नाही म्हटलं तर मी सगळे पत्रे खरवडेन. नाही म्हटलेल्या माणसाला त्याच्या पाठीवरून ओढून पुस्तकात नेणार नाही. तेव्हा हा छाप त्यांना दाखवू नकोस. मला धीर गोळा करू दे. आणि आता कितव्या वर्तुळात आहेत ते ताबडतोब कळव.

भिंगरी


२६ फेब्रुवारी

भिंगरे,

मी तुझं ऐकलं नाही. आधी का ते सांगते, मग ओरड.

तुझं पत्र आलं तेव्हा तो आठव्यात होता. विचारलं, मी कधी कुणाची खुशामत केलीय का? मी म्हटलं, तुला ती येत असती तर छापखाना तीनमजली झाला असता. दुसऱ्या दिवशी आपणहून कबुली दिली, की मी तिसरीत असताना माझी रंगीत पेन्सिल हरवली होती ती त्याने चोरली होती. साठ वर्षं मी शेजारच्या मुलीवर संशय घेऊन बसले होते. मला वाटलं चोरांपाशी थांबेल. पण काल संध्याकाळी माझ्यासमोर बसला, पुस्तक उघडंच होतं, लपवलंसुद्धा नाही. म्हणाला, "ताई, शेवटच्या वर्तुळात आग नाही. बर्फ आहे. आपल्याच माणसांना दगा दिलेले लोक तिथे गोठून उभे असतात. तीन वर्षं लेकीशी बोललो नाही, तो दगा होतो का?"

 मी उठले, पर्समधून तुझा छाप काढला, टेबलावर ठेवला, म्हटलं मला साखर आणायचीय, आणि बाहेर जाऊन दाराच्या फटीला डोळा लावला. जुनी सवय.

आधी नुसता बघत बसला. मग भिंग आणलं. मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि परत चित्राकडे.  त्याचे डोळे भरले होते, मी शपथेवर सांगते. मग एकदम उठला, न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढला, छापाशेजारी उभा धरला, आणि त्याचा चेहराच बदलला. पुस्तक घेतलं, भराभरा पानं उलटली. ड्रॉवरमधून गायिकेचा आणि डॉक्टरचा छाप काढला, माझ्यादेखत, कारण तोवर मी आत आले होते. तेही आरशासमोर. मग एवढंच म्हणाला, "हे असं छापायला देऊ नको म्हणावं तिला." आणि तिन्ही छाप, आरसा आणि पुस्तक घेऊन खाली गेला. छापखान्याचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. तेव्हापासून खालीच आहे. जेवायला वर येतो आणि बोलत नाही.

पोरी, मी चुकले. तू म्हणाली होतीस दाखवू नकोस. मला वाटलं होतं, बघून विरघळेल. मी त्याला जन्मापासून ओळखते, आणि मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. भांग पाडायलासुद्धा आरसा उरला नाही, आणि तेच बरं आहे, मला माझं तोंड बघवत नाही.

आत्या


४ मार्च

आत्या,

ओरडणार नाही. तू नसतं दाखवलंस तरी मला कधीतरी विचारायचंच होतं, आणि उत्तर हेच आलं असतं.

ठीक आहे. छापायला देऊ नको म्हणाले, नाही देणार. पंधरा तारखेपासून वाटाड्या खरवडायला घेते. पाठ सरळ करेन, खांदे सारखे करेन, बोट पूर्ण करेन. कुणीतरी सामान्य म्हातारा होईल. संपादक त्याचीही स्तुती करतील. तोपर्यंत मी पत्रे गुंडाळून ठेवलेत, कारण मला ते बघवत नाहीत.

बाबांना सांग, बर्फात ते नाहीत. दोघांनीही तोंड उघडलं नाही तेव्हा दगा एकट्याचा कसा होईल? आणि ते पुस्तक त्यांनी नरकापाशी मिटू नये. पुढे डोंगर आहे, तिथे उजेड आहे, असं सारांशात तरी लिहिलंय.

भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,

तुझी १७ फेब्रुवारीची आणि ४ तारखेची पत्रे तुझ्या आत्याने मला वाचायला दिली. या वेळी मला ड्रॉवर उघडावा लागला नाही. आधीची पत्रे मी चोरून वाचली. चोरांचे चर मी पाहून आलो आहे, तेव्हा शिक्षा माहीत आहे.

सुई खाली ठेव. काहीही खरवडू नकोस. मी निरोप नीट दिला नाही आणि तुझ्या आत्याने तो जसाच्या तसा पोचवला, त्याबद्दल तिला दोष नको. चाळीस वर्षे मी कारागिरांना अर्धेच वाक्य सांगत आलो, उरलेले ते समजून घेत. तूही घेत होतीस. पत्रातून ते जमत नाही असे दिसते.

तर पूर्ण वाक्य असे. हे असे छापायला देऊ नकोस, कारण सगळी चित्रे फिरलेली आहेत.

माझे तोकडे बोट डाव्या हाताचे आहे. तुझ्या छापात ते उजव्या हाताला आले. खाली झुकलेला खांदा डावा झाला. मला वाटले, एवढी तीन वर्षांत विसरली. मग आरसा धरला आणि कळले, तू काही विसरली नाहीस, फक्त कागद पालथा घातला नाहीस. बोटाचे मी सोडून दिले असते. पण तू ज्या पुस्तकाची चित्रे काढतेस ते वाचलेले नाहीस. मी वाचले आहे. नरकात ते दोघे उतरतात ते डावीकडे वळत वळत. प्रत्येक वेळी डावीकडे. दोनच अपवाद आहेत, ते मी पेन्सिलीने खूण करून ठेवले आहेत. आणि डोंगर चढताना उजवीकडे. हे त्या माणसाने उगाच केलेले नाही. तुझ्या तिन्ही छापांत वाट उजवीकडे वळते. म्हणजे तू नरकात उतरणाऱ्यांना उलट दिशेने घेऊन निघालीस, आणि पुढे तुझ्या हिशेबाने पापी सुटतील आणि साधू खाली जातील. बाकीचे पंधराही तसेच असणार. सारांश लिहिणाऱ्याला कितव्या वर्तुळात टाकावे ते मी अजून ठरवलेले नाही.

पालथा कागद घालणे हे माझे काम होते. ते तुला मी कधी करू दिले नाही, म्हणून त्याची सवय तुझ्या हाताला नाही. ही चूक निम्मी माझी आहे.

आता कामाचे. तुझेच छाप नव्या पत्र्यांवर सुलटे ठेवायचे, म्हणजे पुन्हा छापल्यावर वाट डावीकडे वळेल. मी गिरवणार नाही. मी फक्त जागेच्या खुणा करून देईन, ठिपके. रेषा सगळ्या तू ओढायच्या. हे ठिपके मी तुझ्या तीन छापांवर करून पाहिले. रेषा मरत नाही. तू म्हणाली होतीस ते रेषेपुरते खरे होते. हाताचे मला लागले होते. ते आता संपले.

यंत्र उघडले आहे, तेल घातले आहे. रोलर स्वच्छ आहेत. स्टुलावरची चादर काढली. अठरा पत्रे, दोघे जण, तीन आठवडे. वेळेत बसते.

तू विचारणार होतीस, की मी तुझ्या चित्रात चालेन का. चालेन. चिखलातही चाललो असतो. दम्याचे बघून घेतले असते.

तुझ्या आत्यासाठी मी पुस्तक तीनदा चाळले. चोरून ऐकणाऱ्यांसाठी त्या कवीने एकही जागा ठेवलेली नाही. एवढी उणीव सोडली तर काम चोख आहे.

डोंगरही मी वाचून संपवला. माथ्यावर, अगदी शेवटी, कवीला काहीतरी सांगायचे असते म्हणून तो वाटाड्याकडे वळतो, आणि वाटाड्या तिथे नसतो. तुझ्या सारांशात हे एका ओळीत उरकले असेल. पुस्तकातही फार मोठे नाही. पण मी ते पान लोटून पुढे जाऊ शकलो नाही. त्या चित्राला मी ठिपके करून देणार नाही. ते तू एकटीने काढ, थेट पत्र्यावर, तुझ्या पद्धतीने. घाई करू नकोस. ते सगळ्यात शेवटी काढ.

बाबा


१२ मार्च

बाबा,

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. सामानात अठरा पत्रे आहेत, कपडे कमी आहेत. सारांश मी संपादकांना परत केला. तुमचं खुणा केलेलं पुस्तक ग्रंथालयाला इतक्यात देऊ नका, मी वाचायला घेणार आहे, पहिल्या पानापासून.

आत्याला सांगा, चष्मेवाल्याला रांगेत उभं कर, एक जागा आहे. तिचीही सोय झाली आहे. सगळ्यात पहिल्या चित्रात, नरकाच्या दाराशी, दार जरासं किलकिलं आहे आणि फटीत एक डोळा आहे.

तुम्ही स्टेशनवर याल, हे मी विचारत नाही. समोरचा रस्ता फार मोठा झालाय म्हणे. माझा एक हात पत्र्यांना लागेल. तुमचा डावा मोकळा ठेवा.

भिंगरी